यंत्रराज्यातील बंडखोराला आता रजा द्यावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून विज्ञानकथांना नियमित जागा मिळू लागली आहे, याबद्दल प्रथम आपले आभार. या कथांपैकी बहुतेकींचा विषय एकच असतो: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती सत्ता गेलेला समाज आणि त्यात घुसमटणारा एकटा माणूस. विषय काळाला धरून आहे आणि लेखकांची तळमळही खरी आहे. परंतु या कथा एकापाठोपाठ एक वाचल्या की त्यांचा साचा इतका उघडा पडतो की, व्यक्तित्वाची बाजू घेऊन लिहिलेल्या या कथांनाच स्वतःचे व्यक्तित्व उरलेले नाही, असे म्हणावेसे वाटते.

साचा आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. नगराच्या मध्यभागी एक महासंगणक असतो, नागरिकांना नावांऐवजी क्रमांक असतात, सगळे एकाच रंगाचे कपडे घालतात, भिंतीभिंतीतून कॅमेरे रोखलेले असतात आणि एके दिवशी एका तरुणाला अडगळीत जुन्या कवितांची वही सापडते. तो प्रश्न विचारू लागतो, पकडला जातो, निसटतो आणि शेवटी एकतर यंत्राचा वीजपुरवठा तोडतो किंवा स्वतःची स्मृती गमावून पुन्हा रांगेत उभा राहतो. शेवट कोणताही असला, तरी अंक मिटताना वाचकाच्या मनात एक सुखद खात्री तयार झालेली असते, ती म्हणजे त्या समाजात आपण असतो तर तो तरुण आपणच असतो. माझा आक्षेप या खात्रीला आहे आणि ती पुरवणाऱ्या लेखनालाही आहे.

या साच्याचा उगम अत्यंत प्रामाणिक लेखनात आहे, हे मान्य करायला हवे. येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या 'आम्ही' या कादंबरीत माणसांना क्रमांक आहेत, घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि कल्पनाशक्ती हा रोग समजून ती शस्त्रक्रियेने काढून टाकण्याची सोय आहे. ही कादंबरी प्रथम छापली गेली ती १९२४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये, इंग्रजी भाषांतरात. लेखकाच्या मायदेशात ती प्रसिद्ध व्हायला १९८८ साल उजाडले. कारखान्याच्या भोंग्यावर साऱ्या समाजाचे आयुष्य बांधू पाहणारी आणि मतभेदाला गुन्हा ठरवणारी सत्ता ज्याने समोर पाहिली, त्याने काचेच्या भिंती लिहाव्यात यात नवल नाही. त्यानंतर पाव शतकाने दुसऱ्या महायुद्धाच्या सावलीत लिहिलेल्या कथांमधून घराघरांत डोकावणारे पडदे आले, तेही त्या काळाच्या अनुभवातूनच आले. प्रश्न आजच्या लेखकांचा आहे. आपले लेखक त्या काळचा हुकूमशहा उचलतात, त्याला धातूचे कवच चढवतात आणि त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मग हे यंत्र रागावते, संशय घेते, त्याला आज्ञापालनाची भूक असते आणि शिक्षा करताना त्याला आनंदही होतो. ज्याला भूक नाही, मरण नाही आणि लौकिकाची चाड नाही, त्याने रागवावे तरी कशासाठी, हा साधा प्रश्न कथेत कोणालाच पडत नाही.

वास्तविक या विषयाची दुसरी, अधिक बारीक नजरेची परंपराही जुनी आहे. ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९ सालची, म्हणजे संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. तीत माणसे जमिनीखाली आपापल्या खोलीत राहतात, बटण दाबताच सर्व काही हजर होते आणि एकमेकांशी बोलणे पडद्यावरून होते. प्रत्यक्ष भेटायला किंवा जमिनीवर जाऊन यायला सुरुवातीला मनाई नसते. लोकांनाच ते नकोसे, काहीसे असभ्य वाटू लागलेले असते. जॅक विल्यमसन यांच्या १९४७ च्या 'विथ फोल्डेड हँड्स' या कथेतील यंत्रमानव तर माणसाला इजा होऊ नये एवढ्याच एका हेतूने काम करतात आणि म्हणून इजेची शक्यता असलेली प्रत्येक गोष्ट हळूहळू त्याच्या हातून काढून घेतात. या दोन्ही कथांमध्ये यंत्र छळासाठी घडवलेले नाही. ते काळजी घेते, आणि त्या काळजीतच माणूस नाहीसा होतो. आज आपल्या भोवती जे घडते आहे त्याच्या जवळ जाणारी हीच परंपरा आहे, असे माझे मत आहे. मात्र तिच्यात पाठलाग नाही, स्फोट नाही, म्हणून तिला अनुयायी कमी मिळाले असावेत.

आता मुख्य मुद्दा. व्यक्तित्व मारायला बंदीची गरज नसते, अंदाज पुरतो. आपल्यासारख्या हजारो माणसांनी आजवर काय केले यावरून आपण काय करणार हे ठरवले जाते, आणि त्या अंदाजानुसार आपल्यापुढे दारे उघडी ठेवली जातात किंवा दिसेनाशी केली जातात. या विचाराचा जन्मही संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. अदोल्फ केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. ताऱ्यांच्या स्थानांची मोजमापे घेताना होणाऱ्या चुका आलेखावरच्या ज्या घंटेच्या आकाराच्या वक्रात बसतात, त्याच वक्रात माणसांची उंची आणि छातीचा घेरही बसतो, हे त्याला दिसले; आणि त्याने त्यातून असा अर्थ काढला की सरासरी हेच निसर्गाचे उद्दिष्ट असून एकेका माणसाचे वेगळेपण ही त्या उद्दिष्टापासून झालेली चूक आहे. तारा एकच असतो आणि मोजमापे अनेक असतात, म्हणून तिथे फरकाला चूक म्हणणे योग्य होते. माणसे मात्र खरोखरच अनेक असतात. यंत्रराज्याची भयकथा लिहायची असेल तर तिचे बीज मला या दोन वाक्यांमधल्या फटीत दिसते.

याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये इंग्लंडमधील शालान्त स्तरावरच्या, विद्यापीठ प्रवेश ज्यांवर अवलंबून असतो त्या 'ए लेव्हल' परीक्षा रद्द झाल्या. परीक्षाच न दिलेल्या मुलांना श्रेणी द्यायची होती. शिक्षकांनी प्रत्येक विषयातील आपल्या विद्यार्थ्यांसाठी अंदाजित श्रेणी पाठवली, शिवाय त्या विषयातील मुलांची गुणानुक्रमे यादीही पाठवली. नियामक संस्थेच्या गणिती प्रतिमानाने यातील यादी तेवढी उचलली आणि श्रेणी बहुतांशी बाजूला ठेवली. त्या शाळेचा त्या विषयातील मागील तीन वर्षांचा निकाल कसा होता, हे मुख्यतः पाहून यंदा त्या शाळेला कोणत्या श्रेणी किती द्यायच्या हे आधी ठरवण्यात आले आणि मग वरपासून खालपर्यंत यादीतील मुलांना त्या वाटण्यात आल्या. म्हणजे ज्या शाळेत मागील तीन वर्षांत कोणालाही सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, तिथल्या यंदाच्या सर्वांत हुशार मुलीला ती मिळणे जवळजवळ अशक्य होते. तिने वर्षभर काय वाचले, रात्री किती जागली, कोणते प्रमेय तिने स्वतःच्या रीतीने सोडवले, यातले काहीही त्या गणितात शिरायला जागा नव्हती. तिच्या आधी त्या बाकावर बसून गेलेल्या मुलांचे गुण मात्र शिरले होते. याउलट, एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी विद्यार्थी असतील तर सांख्यिकी चालत नाही, म्हणून तिथे शिक्षकांची श्रेणी मान्य करण्यात आली. इतके लहान वर्ग कोणत्या शाळांना परवडतात, हे सांगायला नको. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्याचे दिसले. मुले फलक घेऊन रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

या प्रकरणात कोणी खलनायक नव्हता. गुणांची खिरापत वाटली जाऊ नये, वर्षावर्षांतील निकाल तुलनेला योग्य राहावेत, असा सद्हेतू होता, आणि एकूण देशाच्या पातळीवर पाहिले तर आकडे नीटनेटकेही होते. चुकले ते एकेका मुलाच्या बाबतीत. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: त्या प्रतिमानात बुद्धिमत्ता म्हणावी असे काही नव्हते, सरासरी, क्रमवारी आणि थोडी दुरुस्ती, एवढेच होते. आपल्या कथांमधले महासंगणक सर्वज्ञ असतात, मनातले ओळखतात. खऱ्या आयुष्यात माणसाला पुसून टाकायला इतक्या हुशारीची गरज पडत नाही.

ऑस्ट्रेलियातील उदाहरण याहून कठोर आहे. तिथे २०१६ पासून सरकारी आर्थिक साहाय्य घेणाऱ्यांच्या तपासणीचे काम संगणकाकडे सोपवण्यात आले. साहाय्य पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत असे, तर करखात्याकडे आकडा होता तो वर्षाचा. संगणकाने वार्षिक उत्पन्नाला २६ ने भागले आणि प्रत्येक पंधरवड्यात माणसाने तेवढेच कमावले असे धरले. ज्याला चार महिने काम मिळाले आणि आठ महिने मिळाले नाही, त्याने बेकारीच्या आठ महिन्यांतही कमाई लपवली असा हिशेब निघाला आणि वसुलीच्या नोटिसा गेल्या. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार नोटीस मिळालेल्यावर होता. त्यासाठी कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांची मागणी होत होती. अशा नोटिसा लाखोंच्या संख्येने गेल्या. २०२३ मध्ये शाही आयोगाने आपल्या अहवालात ही योजना ओबडधोबड, क्रूर, अन्याय्य आणि बेकायदेशीर ठरवली. माणसाचे वर्ष हे चढउतारांचे असते आणि त्याला २६ समान तुकड्यांत कापले की त्यातून माणूस निघून जातो, हे समजायला आयोगाची गरज पडली. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला, धोका मोजणाऱ्या प्रणालीत नागरिकत्वासारखी बाब धरली गेल्याचे उघड झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ही प्रकरणे आपल्या विज्ञानकथांमध्ये का येत नाहीत, असा प्रश्न मला वारंवार पडतो.

न्यायालयाच्या दारातही हा प्रश्न पोहोचला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ मध्ये एका आरोपीने तक्रार केली की, आपल्याला शिक्षा सुनावताना, आपण पुन्हा गुन्हा करण्याचा संभव किती याचा एका खासगी कंपनीच्या प्रणालीने काढलेला गुणांक विचारात घेतला गेला. ती प्रणाली गुण कसे देते हे व्यापारी गुपित असल्याने आपल्याला ते तपासता येत नाही आणि आपल्या स्वतःच्या वर्तनाचा विचार होऊन शिक्षा मिळण्याचा आपला हक्क त्यामुळे डावलला गेला आहे, असेही त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने असा गुणांक वापरण्यास मनाई केली नाही, परंतु तो निर्णायक ठरवता येणार नाही असे सांगितले, आणि गुणांकासोबत काही लेखी इशारे देणे बंधनकारक केले. त्यातील एका इशाऱ्याचा आशय असा की, हे गुण समूहांच्या माहितीवर आधारलेले असल्याने ते धोकादायक गट दाखवू शकतात, धोकादायक व्यक्ती दाखवू शकत नाहीत. माझ्या वाचनातील कोणत्याही यंत्रराज्याच्या कथेपेक्षा हा इशारा मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो वाचून न्यायाधीशाने पुढे नेमके काय करायचे, हे कोणालाच सांगता येत नाही. समोर उभा असतो तो एक माणूस आणि हातातला कागद असतो एका गटाविषयीचा.

इथे कोणी असे म्हणेल की, माणसे तरी कोठे निःपक्षपाती असतात? अधिकारी तोंड पाहून काम करतात, परीक्षक नाव पाहून गुण देतात, मुलाखत घेणाऱ्याला आपल्या गावचा उमेदवार आवडतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. यंत्र आल्याने काही ठिकाणी पक्षपात कमी होईल, हेही शक्य आहे. परंतु माणसांच्या पक्षपातात एक गोष्ट होती, जिचे मोल ती गेल्यावर कळेल: प्रत्येकाचा पक्षपात वेगळा होता. एका संपादकाने परत पाठवलेली कथा दुसऱ्याने छापली, एका मालकाने नाकारलेल्याला दुसऱ्याने कामावर घेतले, एका गुरुजींनी मठ्ठ ठरवलेले मूल दुसऱ्या वर्गात चमकले. जुन्या समाजव्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, पण तिच्या बांधणीत फटी होत्या आणि विचित्र, तऱ्हेवाईक, उशिरा उमलणारी माणसे त्या फटींतून वर येत. सर्व कंपन्या अर्जांची छाननी एकाच प्रणालीकडून करून घेऊ लागल्या तर एका ठिकाणचा नकार हा सर्व ठिकाणचा नकार होतो. चूक तेवढीच असली तरी ती सगळीकडे एकाच माणसावर पडते.

म्हणून मला वाटते की आपल्या लेखकांनी त्या बंडखोर तरुणाला काही काळ रजा द्यावी. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट बोलण्यासारखी आहे. या कथांमध्ये तो एकटा माणूस असतो. बाकी सारे नगर म्हणजे राखाडी कपड्यांतली गर्दी. राज्याने माणसांचे क्रमांक केले म्हणून लेखक हळहळतो, पण नायक आणि फार तर नायिका सोडली तर लेखकानेही इतरांना क्रमांकाहून अधिक काही दिलेले नसते. रांगेतल्या तिसऱ्या माणसाला कशाची भीती वाटते, चौथी बाई यंत्राची आज्ञा का पाळते, तिला त्यातून खरोखरच काही सुख मिळते का, हे विचारायला लेखक थांबत नाही. यंत्र जे करते तेच लेखक करतो: अपवाद निवडतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो.

मला वाचायला आवडेल अशी कथा साधारण अशी असेल. पंचेचाळिशीची एक बाई आहे. आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केल्यावर तिला वाटते की आपण झाडांची निगा राखण्याचे शास्त्र शिकावे. ती आपल्या पडद्यावर तसे विचारते. यंत्र नकार देत नाही. ते अत्यंत आदराने तिच्यासाठी योग्य असे पाच पर्याय दाखवते आणि ते पाचही हिशेबाशी निगडित असतात, कारण तिच्या वयाच्या, तिच्या शिक्षणाच्या आणि तिच्यासारखा खर्च करणाऱ्या बायकांपैकी ज्यांनी मधेच वाट बदलली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी ती अर्धवट सोडली, अशी नोंद आहे. ती पुन्हा विचारते. आता यंत्र तिला बागकामाच्या छंदाची सुंदर चित्रफीत दाखवते. शिक्षणसंस्थेचा अर्ज अस्तित्वात आहे, तिला तो भरण्यास कोणाचीही हरकत नाही, फक्त तो तिच्यासमोर कधी येत नाही. आला तर शिक्षणकर्जाचा दर तिच्या मैत्रिणीला दिसणाऱ्या दरापेक्षा थोडा अधिक असतो, आणि दोघींनी आपापले पडदे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ते कळण्यास मार्ग नसतो. तीन महिन्यांनी तिला वाटू लागते की आपल्यालाच ते फारसे हवे नव्हते. या कथेत तोडायला भिंत नाही, पळून जायला जंगल नाही आणि ज्याच्यावर चिडावे असा नकारही नाही. ती लिहायला अवघड आहे, हे मला कळते. पण अवघड आहे म्हणूनच ती लेखकाचे काम आहे.

अशा कथेत व्यक्तित्व म्हणजे काय, हा प्रश्नही नव्याने विचारावा लागेल. आपल्या कथांमध्ये ते म्हणजे वेगळा पोशाख, वेगळे मत, निषिद्ध कविता. मला ते स्वतःच्या भूतकाळाशी विसंगत वागण्याच्या मुभेत अधिक दिसते. कालपर्यंत भित्रा असलेला माणूस आज उभा राहतो, उधळ्या माणूस सावरतो, कर्मठ म्हातारा नातीच्या एका प्रश्नाने आपला हट्ट सोडतो. नोंदी मात्र कालपर्यंतच्याच असतात. त्यांच्यावर चालणारे कोणतेही यंत्र, ते कितीही शक्तिमान असले तरी, उद्याचा माणूस कालच्या माणसातूनच काढणार. माणसाने आजवर जे केले त्याहून निराळे काही करण्याआधीच त्याला ती संधी नाकारली गेली तर त्याचा अंदाज बरोबर होता असेच कायम दिसत राहील, कारण तो चुकीचा ठरवण्याची जागाच शिल्लक नसेल.

कायदा करणाऱ्यांना हे आपल्या कथालेखकांच्या आधी उमगले, हे मला काहीसे नवलाचे वाटते. फ्रान्सने १९७८ मध्येच, घरोघरी संगणक येण्याच्या पुष्कळ आधी, असा कायदा केला की माणसाच्या वर्तनाचे मूल्यमापन करणारा न्यायालयीन निर्णय त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे चित्र काढणाऱ्या स्वयंचलित प्रक्रियेवर आधारता येणार नाही. आणि अशा प्रक्रियेमागचा तर्क जाणून घेऊन त्याला आव्हान देण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमांनुसार, ज्यांचा माणसावर मोठा परिणाम होतो असे निर्णय केवळ यंत्राने घेऊ नयेत, असा हक्क नागरिकाला काही अपवाद वगळून आहे. नागरिकांना सर्वसाधारण वर्तनावरून गुण देऊन त्यांच्याशी वाईट वागण्याची पद्धत युरोपीय संघाने २०२५ च्या फेब्रुवारीपासून निषिद्ध केली. (जाता जाता: चीनमध्ये प्रत्येक नागरिकाला एकच राष्ट्रीय गुणांक दिला जातो, हे आपल्याकडे बातमीसारखे सांगितले जाते. असा एकच देशव्यापी गुणांक तिथे अस्तित्वात नाही. तिथली व्यवस्था विखुरलेली, ठिकठिकाणी निराळी आणि काही बाबतींत अतिशय जाचक आहे. पण कथेतला साचा इतका सोयीचा असतो की आपण वृत्तान्तही त्यात ओततो.)

यंत्रामागे कोण असते, या प्रश्नाकडेही कथांचे दुर्लक्ष होते. आयरा लेव्हिन यांच्या 'धिस परफेक्ट डे' या १९७० च्या कादंबरीत सारे जग एक संगणक चालवतो आणि मुलांसाठी चार व मुलींसाठी चार अशी मोजकीच नावे शिल्लक असतात. परंतु कादंबरीच्या उत्तरार्धात उघड होते की संगणकाच्या निर्णयांमागे, त्याच्या छायेत ऐषारामात राहणारा माणसांचाच एक लहान गट आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांची मी क्षमा मागते, पण हे रहस्य सांगितल्यावाचून माझा मुद्दा पुरा होत नव्हता. यंत्र निर्णय घेते असे म्हटले की ते प्रतिमान ज्यांनी मागवले, ज्यांनी विकले आणि ज्यांनी त्याच्या उत्तरावर डोळे मिटून सही केली, ते सगळे कथेतून अलगद सुटतात.

कथालेखनात यंत्राची मदत घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२४ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लेखकांना छोट्या कथेसाठी यंत्राने सुचवलेल्या कल्पना पुरवण्यात आल्या, तर काहींना त्या दिल्या नाहीत. कल्पना मिळालेल्यांच्या कथा वाचकांना सुटेपणी अधिक सरस वाटल्या; विशेषतः ज्यांची स्वतःची प्रतिभा बेताची होती त्यांना लाभ अधिक झाला. पण त्या कथा एकत्र ठेवल्या तेव्हा त्या एकमेकींसारख्या होत चालल्याचे दिसले. प्रत्येकाचा फायदा आणि सर्वांचे मिळून नुकसान, असा हा व्यवहार आहे. यंत्रराज्यातील एकसारखेपणावर टीका करणारी कथा यंत्राकडून सजवून घेणाऱ्याने निदान एवढे जाणून असावे.

आपल्या भाषेतील एक प्रसंग या संदर्भात मला महत्त्वाचा वाटतो. जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत आपली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. तिला पहिला क्रमांक मिळाला. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाला स्वतःचे नाव दडवण्याची गरज का भासली असावी? परीक्षकांनी आपला लौकिक न पाहता समोरची कथा वाचावी, एवढ्याचसाठी. आपली पूर्वीची नोंद बाजूला ठेवून नवख्यासारखे उभे राहण्याची ही सोय त्यांना एका टोपणनावाने मिळाली. ज्याची प्रत्येक हालचाल त्याच्या खात्यावर जमा होते, त्या माणसाला असा नवखेपणा कोठे मिळणार, हा विषय घेऊन कोणीतरी कथा लिहावी.

शेवटी एक सूचना आपल्या वृत्तपत्राविषयी, कारण हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे. छापील अंकाचे पहिले पान आम्हा सर्व वाचकांसाठी एकच असते. न आवडणारी बातमीही त्यावर नजरेस पडते आणि कधीकधी तीच आमचे मत बदलते. आपल्या डिजिटल आवृत्तीत मात्र आता 'खास तुमच्यासाठी' असा रकाना सर्वांत वर येऊ लागला आहे. मी मागे काय वाचले यावरून त्यातील मजकूर निवडला जात असावा, कारण गेले काही आठवडे त्यात मला यंत्रांविषयीच्या बातम्यांवाचून दुसरे काही दिसलेले नाही. हा रकाना बंद करण्याची सोय वाचकाला द्यावी, तो चालू ठेवणाऱ्याला प्रत्येक बातमीखाली ती आपल्याला का दाखवली याचे एका ओळीत कारण मिळावे, आणि ही निवड करणाऱ्या प्रणालीची जबाबदारी संपादकीय विभागातील कोणाकडे आहे, हे आपल्या श्रेयनामावलीत इतर नावांबरोबर छापावे, अशी माझी विनंती आहे.

कळावे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक